तिकीट काढलं, खुर्चीत बसलो. पुढे आपलं काम काय?

नारायणपेठी | ३ डिसेंबर, रात्री १०:४२

नाटकाला, मैफिलीला, मॅचला, विसर्जन मिरवणुकीला आपण जातो तेव्हा तिथं आपण नेमकं काय करत असतो? शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव तोंडावर आलाय, घरात पासांची चर्चा चालू आहे, म्हणून बरेच दिवस मनात असलेला हा विषय इथं मांडते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. प्रेक्षकाला काम असतं. ते त्यानं केलं नाही तर समोरची गोष्ट अर्धवट घडते, कलाकार कितीही तयारीचा असला तरी.

पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची फेरी ज्यांनी भरत नाट्य मंदिरात बसून बघितली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही स्पर्धा घेतंय. पडदा उघडण्याआधी ‘अरे आव्वाज कुणाचा’ची जी काही धुमाळी चालते, तिथं शेजारच्याशी बोलायची सोय नसते. घसे बसेपर्यंत पोरं ओरडतात. आणि तिसरी घंटा होऊन अंधार झाला की तीच पोरं समोरच्या कॉलेजची एकांकिका श्वास रोखून बघतात. चांगली जागा आली की स्पर्धकाला टाळी देतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. आदल्या वर्षीच्या सीनियरांना बघून ती शिकतात, आणि अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी जे कानाला आणि डोळ्यांना वळण लागतं ते जन्मभर राहतं.

नाट्यशास्त्रात भरतमुनींनी २७वा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीला दिला आहे. प्रयोग जमला हे ओळखायचं कशावरून, तर प्रेक्षकांवरून. हसू फुटणं, ‘अहो’, ‘साधु’ असे उद्गार निघणं, अंगावर काटा येणं, उठून उभं राहणं, अंगावरचं वस्त्र काढून देणं, ही झाली मानुषी सिद्धी. तिच्या वर दैवी सिद्धी. तिची खूण काय? ‘न शब्दो यत्र न क्षोभो’: रंगमंडप भरलेला आहे, आणि आवाज नाही, चलबिचल नाही. म्हणजे दोन्ही सिद्धींचा पुरावा खुर्च्यांमध्ये शोधायचा.

मध्यंतरी एका नाट्यगृहात शेजारचे गृहस्थ शेवटचा प्रवेश व्हिडिओ कॉलवर कुणाला तरी दाखवत होते. पलीकडचा माणूस भाजी निवडता निवडता बघत होता, मधेच ‘आवाज येत नाहीये’ म्हणत होता. त्या संध्याकाळी त्या दोघांतला प्रेक्षक कोण होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

कोथरूडचा_राजू | ३ डिसेंबर, रात्री ११:१५

धागा चांगला आहे, पण मूळ मुद्दाच पटला नाही. मी पाचशे रुपयांचं तिकीट काढतो, दिवसभर काम करून ट्रॅफिकमधून वाट काढत येतो. मला थोडा वेळ सुखाचा हवा असतो. काम करायला मी ऑफिसात जातो. दुसऱ्याला त्रास होईल असं वागायचं नाही, एवढंच माझं कर्तव्य. त्यापुढे मी रंगून बघतोय की डुलकी काढतोय, हा माझा प्रश्न. आणि मला रंगवून ठेवणं हा नटाचा.

फोनबद्दल. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत. बालगंधर्व रंगमंदिरात ती वर्षानुवर्षं जायची, आता जिना नको म्हणते. मी नमन होताना किंवा शेवटी सगळे कलाकार समोर येतात तेव्हा पाच मिनिटं शूट करतो आणि घरी जाऊन तिला दाखवतो. ती त्या पाच मिनिटांवर तासभर बोलते. ती प्रेक्षक नाही असं कुणी म्हणत असेल तर मी ऐकून घेणार नाही.

---

विंगेतला | ४ डिसेंबर, सकाळी ९:०५

मी व्यावसायिक नाटकांना लाइट ऑपरेट करतो. माझी जागा अशी असते की मला स्टेज दिसतं आणि प्रेक्षक ऐकू येतात. राजूभाऊ, तुम्ही म्हणता तसं तुमच्या डुलकीनं कुणाला त्रास होत नाही, हे खरं. पण ती आम्हाला कळते.

प्रवेश सैल पडला की आधी खोकला ऐकू येतो. मग खुर्च्यांची करकर. मग कुठंतरी वेफर्सच्या पुडीचा आवाज. नटाला हे सगळं आमच्या आधी कळतं. एखादा पुढचं वाक्य घाईत घेतो, एखादा उगाच आवाज चढवतो, आणि प्रवेश आणखी बिघडतो. उलटही होतं. रविवारी दुपारी साडेबाराला, जेवून आलेल्या प्रेक्षकांपुढे जो विनोद मुका जातो, तोच रात्री साडेनऊला असा फुटतो की नटाला पुढचं वाक्य धरून ठेवावं लागतं. किती धरायचं याचा हिशोब तालमीत होत नाही. हशा चढतो, माथ्यावर येतो, उतरायला लागतो, आणि पूर्ण विरायच्या आधी नट वाक्य टाकतो. लवकर टाकलं तर ऐकू जात नाही, उशिरा टाकलं तर भोक पडतं. म्हणजे ते वाक्य कधी यायचं हे प्रेक्षक ठरवतात, तेही आपण ठरवतोय याचा पत्ता नसताना.

करोनानंतर २२ ऑक्टोबर २०२१ ला महाराष्ट्रातली नाट्यगृहं पुन्हा उघडली ती निम्म्या क्षमतेनं. एक आड एक खुर्ची रिकामी. आमच्यापैकी कितीतरी जणांनी तोवर दुसरी कामं धरली होती, त्यामुळे प्रयोग लागला याचाच आनंद होता. पण पहिल्याच अंकात लक्षात आलं की हशा फुटतोय आणि जागच्या जागी विझतोय. हसायला शेजारी लागतो. खांद्याला खांदा लागलेला असतो तेव्हा एकाचं हसू दुसऱ्याच्या अंगात जातं. मधल्या रिकाम्या खुर्चीनं ते तोडलं होतं. अर्ध्या प्रेक्षकांचा अर्धा हशा आला असता तरी चाललं असतं, तेवढाही येत नव्हता.

फोनचं दुखणं काय आहे तेही सांगतो. ब्लॅकआउटमध्ये नट जागा बदलतात तेव्हा त्यांना आधार असतो तो स्टेजवर चिकटवलेल्या रेडियमच्या बारीक पट्ट्यांचा. डोळे अंधाराला सरावले तरच त्या दिसतात. नेमक्या त्याच वेळी पहिल्या-दुसऱ्या रांगेत फोन पेटला की डोळे दिपतात, पट्ट्या गायब. लेव्हलच्या, म्हणजे स्टेजवरच्या चौथऱ्याच्या, कडेवरून पाय घसरून घोटा मुरगळलेली नटी मी बघितली आहे. पुढचा पाऊण तास ती तशीच उभी राहिली. खाली बसलेल्या कुणालाही ते कळलं नाही.

नमनाचं आणि शेवटचं शूटिंग वेगळं. त्याला आमच्या नाटकात मनाई नसते, आणि तुमच्या आईंसाठी तर नाहीच नाही.

---

ओवी | ४ डिसेंबर, सकाळी ९:४०

विंगेतला, प्रतिसाद फार आवडला. रेडियमच्या पट्ट्यांचं माहीत नव्हतं. वाचतेय.

---

पर्वती_पायथा | ४ डिसेंबर, दुपारी १:२०

नाटकाच्या मंडळींत क्रिकेटवाला शिरतोय.

२९ फेब्रुवारी १९९६, पुण्याचं नेहरू स्टेडियम. वर्ल्ड कपमधली वेस्ट इंडीज विरुद्ध केनिया. मी स्टँडमध्ये होतो. आम्ही सगळे गेलो होतो वेस्ट इंडीजच्या ब्रायन लाराला बघायला. केनियाच्या संघातलं एकही नाव आमच्यातल्या कुणाला धड माहीत नव्हतं. केनिया १६६ ला आटोपला तेव्हा मॅच लवकर संपणार म्हणून लोक चुकचुकत होते. त्या डावात सगळ्यांत जास्त धावा अवांतर होत्या, ३७.

मग लारा आला आणि आठ धावा करून गेला. रजब अलीच्या चेंडूवर कीपर तारिक इक्बालनं कॅच धरला. पैसे ज्याच्यासाठी मोजले तो माणूस परत चाललाय, आणि स्टँडमध्ये एक विचित्र शांतता. ती फार टिकली नाही. कुठून सुरुवात झाली सांगता येणार नाही, पण तासाभरात अख्खं स्टेडियम केनियाचं झालं होतं. मॉरिस ओडुंबे ऑफस्पिन टाकत होता, १५ धावांत ३ बळी. त्याच्या प्रत्येक चेंडूला टाळ्या पडत होत्या. वेस्ट इंडीज ९३ वर सर्वबाद. केनियाचे खेळाडू मैदानाला फेरी मारायला निघाले तेव्हा लोक जाळीला चिकटून ओरडत होते.

त्या दिवशी आपला संघ खेळत नव्हता, आपलं काही पणाला लागलेलं नव्हतं. पुणेकरांनी दुपारच्या दुपारी एक संघ आपला मानला. मला वाटतं प्रेक्षक असण्याचा हा सगळ्यांत स्वच्छ प्रकार आहे. बघायला एक गेलो होतो, समोर दुसरंच घडायला लागलं, आणि ते ओळखता आलं. घरून ठरवून आलेलंच बघायचा हट्ट धरला असता तर लारा आउट झाल्यावर निम्मं स्टेडियम रिकामं व्हायला हवं होतं.

आता उलटं टोक. मार्च २०२१ मध्ये पुण्याजवळ गहुंजेच्या स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध तीन वनडे झाल्या, करोनामुळे प्रेक्षकांविना. शेवटची आपण अवघ्या ७ धावांनी जिंकली, सॅम करन ९५ वर नाबाद राहिला. अशी मॅच आणि स्टँडमध्ये चिटपाखरू नाही. टीव्हीवर बॅटचा आवाज, खेळाडूंच्या हाका लख्ख ऐकू येत होत्या. तरी काही चाहते शेजारच्या टेकडीवर चढून झेंडा फडकवत बघत होतेच. तिथून चेंडू दिसत नाही. खेळाडूंना ते दिसत होते की नाही देव जाणे. त्यांना बघून माझ्या घरात हसले सगळे, मला हसू आलं नाही. टीव्हीवर जास्त दिसतं हे त्यांनाही माहीत होतंच की. तरी ते चढले.

---

षड्ज_पंचम | ४ डिसेंबर, संध्याकाळी ६:५५

नारायणपेठीताई, सवाईचा विषय तुम्ही काढलात म्हणून लिहितो. वय झालं आहे, थोडं लांबेल.

१९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या, स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. मी ऐकायला लागलो ते रमणबागेतल्या रात्रभराच्या दिवसांत. शाल, कानटोपी, थर्मास, आणि मांडीवर घेतलेलं झोपलेलं पोर. पटांगणाबाहेर भिंतीला पाठ टेकून ऐकणारेही असत. शेवटी भीमसेनजी बसायचे, आणि सगळं आटोपल्यावर सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवी लावायचे. ती संपेपर्यंत कुणी चपला शोधायला उठत नसे. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री १० ची मर्यादा आली आणि रात्रभराचं गाणं संपलं. नियम योग्यच आहे, पण एक गोष्ट गेली ती गेली. मध्यरात्रीनंतरचे राग आता भर संध्याकाळी तरी ऐकावे लागतात, नाहीतर ऐकायलाच मिळत नाहीत. अलीकडे उत्सव मुकुंदनगरला असतो, मोठे पडदे असतात, गायकाच्या कपाळावरचा घामही दिसतो.

राजूभाऊंनी विचारलं की ऐकणाऱ्याला काम कसलं. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल घ्या. बारा मात्रांचं एक आवर्तन. अतिविलंबितात एका आवर्तनाला मिनिटभरही लागतो. त्या मिनिटात गायक कुठं कुठं हिंडून येतो, आणि समोरचा श्रोता मांडीवर बोटांनी मात्रा धरून त्याची वाट बघत असतो. नवव्या-दहाव्या मात्रेला मंडप सावरून बसतो. गायक मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलतो, सम, म्हणजे पहिली मात्रा, येते, आणि खाली भारतीय बैठकीत बसलेल्यांच्या माना एकदम हलतात. गायकाला ते दिसतं. पुढच्या आवर्तनात तो आणखी लांब जायचं धाडस करतो ते त्या मानांच्या भरवशावर. त्या माना हलल्या नाहीत तर तो लांब जात नाही. जवळच घोटाळतो, किंवा सरळ द्रुत, म्हणजे जलद लय, धरतो.

आणि द्रुताबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. आजकाल टाळी कशाला पडते? वेगाला. तान जोरात गेली, तबलजीनं तिहाई (एकच बोल तीनदा) आपटली, टाळी. आलापात एखादा गंधार, म्हणजे ‘ग’ स्वर, असा लागतो की दिवसभराचा शीण जावा, त्याला टाळी नाही. नसू दे, तिथं टाळी नकोच आहे. पण मग ‘वाह’ तरी यावी, निदान एखादा सुस्कारा. तरुण गायक काय शिकणार यातून? ज्याला दाद मिळते तेच तो वाढवणार. संगीत नाटकाचं हेच झालं. लोकांनी वन्समोअर मागितला, नटानं दिला, पद तीनतीनदा झालं, प्रयोग पहाटेपर्यंत लांबला. गाणं वाढलं आणि नाटक मागे पडलं. त्याचा दोष आपण नटांना देतो. मागत कोण होतं?

तेव्हा आपण तिथं नुसते घ्यायला बसलेलो नसतो. पुढच्या वीस वर्षांचं गाणं कसं असेल हे त्या मंडपात ठरत असतं.

---

कोथरूडचा_राजू | ४ डिसेंबर, रात्री ९:३०

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण मला गंधार ओळखू येत नाही. मला तिहाई कळते कारण ती जोरात असते. मग मी सवाईला येऊच नये का?

---

षड्ज_पंचम | ४ डिसेंबर, रात्री ९:५२

अवश्य या. गंधार ओळखायची काही गरज नाही. भारतीय बैठकीत एखाद्या जुन्या श्रोत्याच्या मागं बसा आणि एक अख्खा ख्याल संपेपर्यंत उठू नका. वड्याच्या स्टॉलकडे मध्यात जाऊ नका, कलाकार बदलताना जा. पहिला अर्धा तास काही हाती लागणार नाही. मग कधीतरी तुमची मान आपोआप हलेल, आणि पुढच्याचीही त्याच क्षणी हललेली दिसेल. मला कुणी शिकवलं नव्हतं, मी असाच बसून ऐकत गेलो.

---

नारायणपेठी | ४ डिसेंबर, रात्री १०:१०

राजू, नाट्यशास्त्राच्या त्याच अध्यायात हेही आहे की चांगल्या प्रेक्षकाचे सगळे गुण एकाच माणसात सापडत नाहीत. तरुणाला शृंगार आवडतो, म्हाताऱ्यांना धर्मकथा, शूरांना युद्धं, मुलांना हास्य. सगळे मिळून मंडप पुरा होतो. जाणकारच यावेत असं भरतमुनींनी म्हटलेलं नाही, मी कोण म्हणणार! प्रेक्षकाची व्याख्या मात्र त्यांनी फार सुंदर केली आहे. समोरचा आनंदला की जो आनंदतो, समोरच्याच्या शोकात ज्याला शोक होतो, तो नाट्याचा प्रेक्षक. तुमची आई त्यात बसतेच.

---

बारा_ठोक | ५ डिसेंबर, सकाळी ७:४८

मी ढोल पथकात वाजवते. काकांचा मुद्दा वाचून रात्री झोप लागली नाही, कारण आमच्याकडे हेच चाललं आहे.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी मंडईत टिळकांच्या पुतळ्यापासून मानाचे गणपती निघतात. लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंना माणसं, जुन्या वाड्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या, फुटपाथवर पहाटेपासून सतरंजी टाकून बसलेल्या आज्या. मी दोरीच्या आत असते. साताठ किलोचा ढोल कमरेला, दोरीनं कातडी सोललेली. या सगळ्यात मला कळतं की कोण बघतंय. ताशानं तर्री, म्हणजे सलग तडतड, धरली की एखादा काका बोटं हलवायला लागतो, म्हणजे त्यानं कधीतरी वाजवलेलं आहे. एखादी बाई माझ्या हाताकडे न बघता चेहऱ्याकडे बघते आणि पाण्याची बाटली पुढे करते. मिरवणुकीच्या शेवटी येणाऱ्या अलका चौकापर्यंत मी त्या लोकांच्या जिवावर जाते, हे अगदी खरं सांगतेय.

पण गेल्या काही वर्षांत दोरीच्या बाहेर नुसते फोन उभे असतात. चेहरा दिसतच नाही. आणि फोनमध्ये काय छान येतं? संख्या. शेकडो ढोल एकदम उठले की रील चालते. चार ताशांनी बारीक, नजाकतीनं वाजवलेला ठेका रीलमध्ये येत नाही. मग पथकं संख्या वाढवतात, आणि तालमीत नवीन ठेका बसवण्याऐवजी एकदम उचलायचं कसं याचाच सराव होतो. काकांनी तानेबद्दल लिहिलंय ते मला ढोलाबद्दल जसंच्या तसं दिसतं. आम्ही वाजवणारे जबाबदार आहोतच. पण बघणाऱ्यांनी ठेक्याला दाद दिली तर आम्ही ठेका वाजवू.

---

गॅलरीतून | ५ डिसेंबर, सकाळी ११:३०

मी मिरवणुकीच्या मार्गावर राहतो. ज्या गॅलऱ्या भरलेल्या दिसतात त्यातली एक आमची. लहानपणी आमच्याकडे त्या दिवशी नातेवाइकांची जत्रा असायची, आई पातेलंभर चहा टाकायची, आणि कसबा गणपती समोरून गेला की सगळे उभे राहायचे. ते मला अजून प्रिय आहे.

आता वडील अंथरुणाला खिळलेत. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. खिडक्यांना गाद्या लावून, त्यांच्या कानात कापूस घालून आम्ही बसतो. ढोल तरी थांबत थांबत पुढे जातो, मागून येणाऱ्या स्पीकरच्या भिंतींनी छातीत धडधडतं. या धाग्यावर सगळे स्वखुशीनं गेलेल्या प्रेक्षकांबद्दल लिहिताहेत. ज्याला उठून जाता येत नाही त्याचं काय? नाटक आवडलं नाही तर तुम्ही मध्यांतरात घरी जाता. मी घरातच आहे.

मिरवणूक बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण खालचे हजारो लोक त्या भिंतींपुढे नाचताना वर बघत नाहीत. त्यांनी एकदा वर बघावं एवढं मागणं आहे.

---

बारा_ठोक | ५ डिसेंबर, दुपारी १२:०५

दादा, तुमची इमारत कुठल्या चौकाजवळ आहे ते मला व्यक्तिगत निरोपात कळवाल का? पथकाच्या बैठकीत मांडते. तिथं ढोल न उठवता नुसत्या झांजा आणि ध्वज नेता येतील. इतरांचं माझ्या हातात नाही, आमच्या पथकाचं बोलू शकते.

---

ओवी | ५ डिसेंबर, दुपारी ३:३५

एक वेगळा प्रसंग विचारात घ्यावा म्हणून लिहिते. पालख्या पुण्यात येतात तेव्हा रस्त्याच्या कडेला आपण उभे असतो, ते कोण म्हणून? वारकरी आपल्याला दाखवायला चालत नसतात. ते विठ्ठलाकडे निघालेत, वाटेत पुणं लागतं. मुक्काम नाना-भवानी पेठेत, तुकोबांचा निवडुंग्या विठोबाला आणि ज्ञानोबांचा पालखी विठोबाला. आपण बघितलं नाही तरी वारीचं काही अडत नाही. नाटकासारखं किंवा गाण्यासारखं तिथं आपल्यावर काही अवलंबून नाही, आणि म्हणूनच तिथं नुसतं उभं राहायला मला फार अवघड जातं.

बहुतेक पुणेकरांनाही जात असावं. कारण लोक उभे राहत नाहीतच. कुणी चहा देतं, कुणी राजगिऱ्याचे लाडू, कुणी पाय चेपून देतं. चपला शिवून देणारे, फुकट दाढी-कटिंग करून देणारे बसलेले असतात. एका काकूंना मी ओळखते, त्या दरवर्षी सुईदोरा घेऊन बसतात आणि पिशव्यांचे तुटलेले बंद शिवून देतात. शिवताना मान खाली असते, त्यामुळे पालखी समोरून गेलेली त्यांना दिसतही नाही. त्याची त्यांना हळहळ वाटत नाही.

आणि पुढे वाटेवर रिंगण होतं तिथं तर बघणाऱ्यांशिवाय रिंगणच नाही. गोल रिंगणात माणसांनीच कडं धरलेलं असतं. आतून अश्व धावतो, तो गेल्यावर लोक त्याच्या टापांची माती कपाळाला लावतात. तिथं बघणारा आणि वारकरी वेगळा काढून दाखवा म्हटलं तर मला जमणार नाही.

याच्या उलट गेल्या काही वर्षांत एक बघितलं. दमून झाडाखाली आडव्या झालेल्या एका आजींच्या तोंडाजवळ वाकून दोघं मोठ्या लेन्सनं फोटो काढत होते. पायाला फोड आलेले, ते जवळून. आजींनी पदर ओढून घेतला. ते दोघं निघून गेले, पाणी हवंय का असं विचारलं नाही. असं बघणं कुठल्याच कार्यक्रमात चालू नये.

---

पर्वती_पायथा | ५ डिसेंबर, दुपारी ४:१०

ओवी, शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन.

---

दोन_पोरांची_आई | ५ डिसेंबर, रात्री ९:१५

माझी मुलं चार आणि सात वर्षांची. मोठ्यांच्या नाटकाला नेत नाही, ते कळतं. पण गेल्या महिन्यात बालनाट्याला नेलं होतं. राक्षस आला तेव्हा धाकटा उभा राहून ‘मागे बघ, मागे बघ’ असं नायकाला ओरडून सांगत होता. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून ‘याला शिस्त लावा’ म्हटलं. मी त्याला बाहेर घेऊन गेले. तो रडत होता, की आता राक्षस त्याला पकडेल आणि सांगायला कुणी नाही. इथल्या जाणकारांनी सांगा, मी काय करायला हवं होतं?

---

विंगेतला | ५ डिसेंबर, रात्री ११:४०

ताई, तुम्ही त्याला तिथंच ठेवायला हवं होतं. मी बालनाट्यंही केली आहेत. राक्षस मागून येतो तेव्हा नायक मुद्दाम उशीर करतो, तो मुलांचा आवाज यायची वाट बघत असतो. आवाज आला नाही तर राक्षसाचं काम करणारा नट आत येऊन विचारतो, आज काय झालंय पोरांना? तुमच्या धाकट्यानं त्याचं काम चोख केलं. पुढच्या वेळी मधल्या रांगेत कडेला बसा आणि कुणी काही म्हटलं तर हे सांगा. मोठ्यांच्या नाटकाला मात्र सात-आठ वर्षं पुरी होईपर्यंत थांबा, तिथं त्यालाच कंटाळा येईल.

राजूभाऊ, तुमच्यासाठी. जिना नको म्हणून आई येत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. बाल्कनीचं तिकीट काढू नका, खालची, दाराजवळची कडेची खुर्ची मागा. बुकिंगच्या वेळी खिडकीवर सांगा किंवा नाटकाच्या व्यवस्थापकांना आदल्या दिवशी फोन करा. बहुतेक जण सोय करतात, मी कितीदा बघितलं आहे. अर्धा तास आधी या, गर्दी आत शिरण्यापूर्वी त्यांना बसवून घ्या, आणि मध्यांतरात उठवू नका, चहा जागेवर आणून द्या.

---

कोथरूडचा_राजू | ६ डिसेंबर, सकाळी ८:२०

आईला सकाळी वाचून दाखवलं. आधी नाही म्हणाली, मग कुठलं नाटक आहे विचारलं. पुढच्या रविवारच्या साडेबाराचं बघतो.

तिकिटाबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे. नटानं मला धरून ठेवलं पाहिजे. मी धरलं जायला तयार होऊन बसेन, इथवर यायला माझी हरकत नाही.

---

विंगेतला | ६ डिसेंबर, सकाळी ८:४५

एवढं पुरे आहे आम्हाला. प्रयोग संपल्यावर आईंना घेऊन मागं मेकअप रूमकडे या. दोन पायऱ्या आहेत, मी हात धरतो. वर्षानुवर्षं नाटक बघणारं माणूस भेटलं की नट मंडळी आधी विचारतात, कुठला प्रवेश पडला. आईंना जे वाटलं ते त्यांनी स्पष्ट सांगावं. नुसतं छान म्हटलेलं आमच्या काही कामाचं नसतं.